मुलकोवालची बाटली आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर

विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेल्या अनेकांची पहिली नोकरी औषध किंवा लस कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल विभागात असते. तीच माध्यमे, त्याच चाचण्या, त्याच नोंदी. काम रटाळ वाटते. त्याचे मोल समजण्यासाठी मुंबईत तयार झालेल्या एका लशीचा इतिहास पाहू.

परळची प्रयोगशाळा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पुढे पंजाबातून लशीची मोठी मागणी आली. उत्पादन वाढवताना हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडले आणि उष्णतेने निर्जंतुकीकरणावर भर दिला.

१९ मृत्यू

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या एकोणीसही जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचे पद गेले.

पुरावा काय सांगत होता?

धनुर्वाताचे जंतू ऑक्सिजनविना वाढतात आणि विष तयार करतात. त्यांचे बीजाणू मातीत असतात व उष्णतेला दाद देत नाहीत. बाटली मुंबईतच दूषित झाली असती, तर वाटेतल्या काही आठवड्यांत तिच्यात विष साठले असते. लस टोचताच लक्षणे लवकर दिसली असती आणि बाटली उघडताना दुर्गंध आला असता. प्रत्यक्षात लक्षणे सुमारे आठवड्याने दिसली आणि दुर्गंध आल्याची नोंद नव्हती. बाटली उघडण्याचा चिमटा मात्र जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

पदवीनंतरचे काम

महाराष्ट्रात या विषयाला रोजगार मिळाला तो अशाच संस्थांतून: परळची हाफकिन, १९५४ मध्ये स्थापन झालेली पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६६ पासूनची पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. याखेरीज रुग्णालयांच्या प्रयोगशाळा, पाणी व अन्न तपासणी, दुग्धव्यवसाय, संशोधन आणि अध्यापन हे मार्ग आहेत.

आजच्या निर्जंतुकता चाचणीत नमुना दोन माध्यमांत १४ दिवस ठेवतात. त्यांपैकी थायोग्लायकोलेट माध्यमात ऑक्सिजन टाळणारे जंतूही वाढू शकतात, म्हणजेच धनुर्वाताच्या कुळातले. प्रॅक्टिकलमध्ये हे माध्यम ओतताना मुलकोवाल आठवावे. मात्र कारखान्यातली चाचणी गावात पडलेला चिमटा पकडू शकत नाही. म्हणून लस टोचणाऱ्या हातापर्यंत निर्जंतुक पद्धत शिकवणे हेही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचेच काम ठरते. आणि बाटलीवर क्रमांक नसता, तर ते एकोणीस मृत्यू एकाच बाटलीशी जोडता आले नसते. बॅच क्रमांक व नोंदवही म्हणजे कारकुनी नव्हे. दोष कुठे झाला आणि कुठे झाला नाही, हे ठरवणारा तो पुरावा आहे.