सांध्याचे वंगण

आसाला वंगण घातले म्हणजे गाडीचे चाक सुखाने फिरते. त्याचप्रमाणे श्लेष्म्याने माखलेले सांधे सुरळीत चालतात, असा दाखला सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दिलेला आहे. संहितेच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु हा दाखला देणाऱ्याने गाडी आणि शरीर ही दोन्ही डोळसपणे न्याहाळली होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे, संथ वाहत्या पाण्यात कुजू द्यावे आणि सात रात्री लोटल्यावर वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्याने हळूहळू घासून आतील एकेक अवयव प्रत्यक्ष पाहावा, असा त्याचा दंडक होता.

अशा निरीक्षणातून सुश्रुताने २१० सांधे मोजले. त्यांतील काही चल आणि काही स्थिर, असा भेद करून त्याने त्यांचे आठ प्रकार सांगितले, आणि त्यांना नावे दिली ती बहुतांशी रोजच्या पाहण्यातली. काखेतला आणि जांघेतला सांधा म्हणजे उलूखल, आपले उखळच. कवटीची हाडे जोडणारा तो शिवणीसारखा. जबड्याचा तो कावळ्याच्या चोचीसारखा. आजच्या शारीरशास्त्राची गणना याहून निराळी आहे. तथापि खुब्याच्या सांध्याला उखळाची उपमा देणाऱ्याने त्या सांध्याचे मर्म ओळखले होते: खोलगट वाटीत गोल माथा बसला म्हणजे पाय पुढे, मागे, बाजूला, सर्व अंगांनी फिरू शकतो. गुडघ्याला ही मोकळीक नाही. तो मुख्यतः बिजागरीप्रमाणे एकाच दिशेने मिटतो आणि उघडतो.

वंगणाची कल्पना युरोपातही निराळी नव्हती. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस याने या द्रवाला जे नाव दिले, त्यात अंड्यातील पांढऱ्या बलकाशी असलेले त्याचे साम्य सूचित झाले आहे, असे मानतात. परंतु वंगण कितीही उत्तम असले, तरी ज्या पृष्ठभागावर ते पसरते त्याचे काय? हा प्रश्न १७४३ मध्ये विल्यम हंटर या पंचविशीतल्या स्कॉटिश वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेचे तंतू मखमलीच्या लवेप्रमाणे उभे असतात, त्यामुळे ती दाबली असता दबते आणि सोडली असता पूर्ववत होते, हे त्याने दाखविले. त्याचबरोबर एक कटू सत्यही त्याने नोंदविले: कूर्चा एकदा नासली की ती पुन्हा भरून येत नाही. गाडीच्या दाखल्यातले वैगुण्य नेमके येथे दिसते. झिजलेला आस सुतार बदलून देतो; सांध्याला असा सुतार नव्हता.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. पाऊल टेकले की भाराखाली तिच्यातील द्रव झिरपतो, भार उतरला की ती तो पुन्हा शोषून घेते. आणि या येरझाऱ्यांतूनच तिचे पोषण होते. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियंत्याने यंत्राच्या फिरत्या भागांतील वंगणाचे गणित मांडले, तेव्हा तोच नियम सांध्यालाही लागू पडेल, असे पुढे काहींना वाटू लागले. पण आस एकाच दिशेने सतत फिरतो. सांधा थांबतो, उलटतो, तासन्‌तास उभ्या देहाचा भार पेलतो. १९५९ मध्ये मॅकचेन याने पाण्याने भिजलेल्या स्पंजाची उपमा पुढे आणली. चालताना सांध्यात होणारे घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होणाऱ्या घर्षणाहूनही कमी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे विद्वानांचा हा खल निष्कारण नव्हता हे पटते.

तो खल ज्याला केवळ विद्वत्तेचा वाटला नाही, असा एक शल्यविशारद म्हणजे इंग्लंडमधील जॉन चार्नली. फ्रान्समधील ज्युडे बंधूंनी खुब्यात ॲक्रिलिकचा माथा बसविण्यास आरंभ केला होता. असा माथा बसविलेला एक गृहस्थ जेवताना पुढे वाकला की त्याच्या खुब्यातून करकर आवाज येई, आणि त्याच्या पत्नीला तो सहन होत नसे. चार्नलीने या आवाजातून जो बोध घेतला तो विलक्षण होता. शरीरातले वंगण कूर्चेसाठीच आहे. परक्या पदार्थाला ते उपयोगी नाही. तेव्हा जिवंत सांध्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. वंगणावाचून घसरेल असाच पदार्थ शोधला पाहिजे.

त्याला टेफ्लॉन सापडले. १९५८ पासून सुमारे तीनशे रुग्णांच्या खुब्यांत त्याने टेफ्लॉन बसविले. वर्षानुवर्षे काठीवर ओणवलेली माणसे चालू लागली. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांनी भोवतालचा भाग पोखरला आणि वेदना परतल्या. ते रुग्ण चार्नलीने दुसऱ्या कोणाच्या हाती सोपविले नाहीत. ज्यांना त्याने सुख दिले होते, त्यांच्याच खुब्यांतून ते टेफ्लॉन त्याने स्वतः काढले.

१९६२ मध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात एक विक्रेता पॉलिएथिलीनची दातेरी चाके घेऊन आला. लँकेशायरच्या गिरण्यांतील मागांना ती बसवीत असत. मुंबईच्या गिरणगावाला लँकेशायरचे नाव काही परके नाही. पण माणसाच्या खुब्याला तेथील मागाचा आधार मिळेल, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल. चार्नलीने त्या तुकड्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि तो निघून गेला. रुग्णालयाच्या कर्मशाळेतील हॅरी क्रेव्हन या कारागिराने मात्र तो तुकडा घर्षणयंत्रावर चढविला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजे तितकीही झीज झाली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चार्नलीने ती वाटी रुग्णाला बसविली. वाटीत फिरणारा पोलादी माथा त्याने मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला. कारण माथा लहान तितका घर्षणाचा पीळ कमी. हाडात तो पक्का करण्यासाठी कवळी बनविण्याच्या पदार्थाच्या जातीचे ॲक्रिलिक त्याने वापरले.

मात्र टेफ्लॉनचा चटका तो विसरला नव्हता. दोन्ही पदार्थांचे कण त्याने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी राहिल्या. पॉलिएथिलीनचा हाताला मागमूस लागेना. तरीही पुढील कित्येक वर्षे, रायटिंग्टनला राहून तंत्र शिकल्याशिवाय कोणाही शल्यविशारदाला आपला सांधा मिळू नये, असा त्याचा कटाक्ष होता. आणि रुग्णांकडे त्याने एक मागणे केले: मृत्यूनंतर तो सांधा परत मिळावा, म्हणजे किती झिजला ते मोजता येईल. बहुतेकांनी ते आनंदाने मान्य केले.