काव्याचा सूर आणि शाळेचा तास

इसवी सन १८५४ मध्यें परशुरामपंत तात्या गोडबोले यांचें ‘नवनीत’ प्रसिद्ध झालें. तुकाराम, वामन, मोरोपंत यांची पहिली ओळख कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना या वेच्यांनींच करून दिली. हे उपकार लहान नव्हेत. परंतु कविता शाळेंत आली तेव्हां एक स्थित्यंतर घडलें, त्याची दखल आपण क्वचितच घेतों. तोंवर कविता ही मुख्यतः ऐकावयाची वस्तु होती. कीर्तनांत हरिदास मोरोपंतांची आर्या म्हणे, तेव्हां ती विनवणीची आहे कीं उपरोधाची, हें श्रोत्याला त्याच्या आवाजावरूनच कळे. शाळेंत तो आवाज मागें पडला आणि अन्वय पुढें आला. अन्वयामागून शब्दार्थ, व शेवटीं अलंकाराचें नांव. ‘येथें उपमा आहे’ एवढें लिहिलें कीं गुण पदरांत पडत. उपमेनें डोळ्यांपुढें काय उभें केलें, हा प्रश्न विचारावयाचा राहूनच गेला.

वास्तविक ‘सूर’ ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. संस्कृत साहित्यशास्त्रानें आवाजाच्या विशिष्ट वळणाला ‘काकु’ असें नांव दिलें. अकराव्या शतकांत मम्मटानें व्यंग्य अर्थाचीं साधनें सांगतांना बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि काकु कोणती, यांना अग्रस्थान दिलें. पुढें १९२९ सालीं केंब्रिजच्या आय्. ए. रिचर्ड्स यांनीं अर्थाचे चार प्रकार मांडले, त्यांतील ‘सूर’ म्हणजे बोलणाराची ऐकणाराविषयींची वृत्ति. दोघांचा विचार एक नव्हे. तथापि दोघेही वाचकाला एकाच प्रश्नाकडे नेतात : हें कोण कोणाला बोलत आहे?

रिचर्ड्स यांनीं कवीचें नांव न देतां कविता विद्यार्थ्यांच्या हातीं दिल्या व त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. निष्कर्ष मोठा विदारक होता. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांतही पुष्कळांना साधा अर्थसुद्धां लागला नव्हता. ठरीव भावना व खासगी आठवणी यांनीं तो झांकून टाकला होता. एकाच ओळीनें निरनिराळ्यांच्या मनांत निरनिराळीं चित्रें उभीं केलीं होतीं. थोरांची ही गत, तर चौदा वर्षांच्या मुलाला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

मग शिकवावें कसें? मोरोपंतांच्या ‘केकावली’चें नांवच घ्या. केका म्हणजे मोराची हांक, आणि कवि स्वतःस मयूर म्हणवितो. ज्याला हांक मारावयाची तो भगवान् विष्णु. तो अर्थातच मेघ. वर्गांत मुलांना एवढेंच सांगावें कीं, मोराच्या जागीं चातक घालून पाहा. चातकही मेघालाच हांक मारतो. पण तो तहानेनें व्याकुळ, थेंबासाठीं चोंच वासून बसलेला. मोराची हांक मंजुळ नसेल, परंतु तींत मेघावरचा हक्क आहे, तो येणारच असा भरंवसा आहे. म्हणूनच पृथ्वी वृत्तांतील या स्तोत्रांत याचना आहे तशी तक्रारही आहे. अजामिळासारख्याला तारलेंस, मग मीच काय केलें, असा लडिवाळ वाद आहे. प्रतिमा बदलली कीं सूर बदलतो, हें मुलाला येथें व्याख्येवांचून समजतें. मग तेच श्लोक एकानें दीनपणें व दुसऱ्यानें रुसून म्हणावे, आणि कोणता सूर शोभतो याचा निवाडा वर्गानें करावा.

परीक्षेंत सुराला गुण कसे द्यावयाचे, असा आक्षेप येईल. उत्तर असें कीं, विद्यार्थ्यानें कोणता सूर ऐकला यापेक्षां तो कोणत्या शब्दावरून ऐकला, हें विचारावें. शब्द दाखवितां आला तर उत्तर त्याचें स्वतःचें आहे; न आला तर तें मार्गदर्शकांतून उचललेलें आहे. पाठ केलेला अर्थ परीक्षेबरोबर संपतो. परंतु ज्या मुलाला कवितेंतील रुसवा ओळखतां आला, त्याला उद्यां वडिलांच्या पत्रांतील किंवा पुढाऱ्याच्या भाषणांतील न लिहिलेली गोष्टही ऐकूं येईल. ‘नवनीत’कारांनीं कविता मुलांच्या हातीं दिली, ती त्यांच्या कानीं घालण्याचें काम अजून आपल्याकडे आहे.