अर्धशिशीच्या सोबतीने जगलेल्या तत्त्वज्ञ : ॲन कॉनवे

१६३१ साली लंडनमध्ये जन्मलेल्या ॲन कॉनवे यांना बाराव्या वर्षी मोठा ताप आला. ताप उतरला, मागोमाग जडलेली डोकेदुखी आयुष्यभर टिकली. अनेक अभ्यासक ती अर्धशिशी असावी असे मानतात.

रक्ताभिसरणाचा उलगडा करणारे विल्यम हार्वे, मेंदूचे अभ्यासक थॉमस विलिस, सारे थकले. १६५६ मध्ये कवटीला छिद्र पाडून घेण्यासाठी त्या फ्रान्सला गेल्या. तेथील शल्यवैद्य त्यास धजले नाहीत.

विद्यापीठे स्त्रियांना बंद होती. केंब्रिजच्या हेन्री मोर यांच्याकडून त्यांनी पत्रांतून तत्त्वज्ञान आत्मसात केले. पुढे रॅग्ली हॉल या आपल्या घरी त्यांनी सेवेसाठी क्वेकरपंथीय स्त्रिया ठेवल्या. छळ सोसलेल्या, मौनात उपासना करणाऱ्या या माणसांची शांत सोबत त्यांना मानवली.

देकार्त यांनी मन आणि शरीर ही भिन्न द्रव्ये मानली होती. मग शरीर दुखताच मन का कळवळते, हा कॉनवे यांचा प्रश्न होता. दोन्ही मूलतः एकाच जातीची आहेत, हे त्यांचे उत्तर.

१६७९ मध्ये त्या वारल्या, तेव्हाही डोकेदुखी कायम होती. त्यांच्या वहीतील लेखन १६९० मध्ये निनावी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दुखणे थांबण्याची वाट त्या पाहत बसल्या असत्या, तर ती वही कोरीच राहिली असती.