लोंब्रोसोच्या आधी पाच वर्षे

फौजदारी कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र हे दोन विषय मी बत्तीस वर्षे शिकवले. महारवाड्यातला माणूस वर्गात उभा राहून दंडविधान शिकवतो याचेच मला सुरुवातीला इतके अप्रूप, की आपण काय शिकवतो हे तपासण्याचे भान राहिले नाही.

गुन्हेगारीशास्त्राचा पहिला धडा इटलीतला. लोंब्रोसोने १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितले, की जबड्यावरून, कानाच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो. पुढे इतरांनी ते खोडून काढले. मी हे सारे रंगवून सांगत असे.

१९८३च्या सहामाहीत मी प्रश्न काढला : जन्मजात गुन्हेगार या कल्पनेचे परीक्षण करा. एका मुलाने लोंब्रोसोचे नावच घेतले नाही. त्याने आपल्या आजाविषयी लिहिले होते. सोलापूरची सेटलमेंट, तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर जायचे तर पास. विषयांतर म्हणून मी शून्य दिले.

पेपर परत दिल्यावर तो खोलीच्या दाराशी आला. ‘‘सर, आजाला कुठल्या कोर्टानं गुन्हेगार ठरवलं, तेवढं सांगा.’’

मला सांगता येईना. कारण कोर्ट नव्हतेच. १८७१चा सत्ताविसावा कायदा मी त्या रात्री प्रथमच नीट वाचला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की तो जाहीरनामा हाच पुरावा. कुठल्याही न्यायालयाला त्याची शहानिशा करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले. कायदा झाला तेव्हा विधी सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, त्यानेच पुराव्याचा कायदा आणला. तो तर मी दरवर्षी भक्तिभावाने शिकवत होतो! जातीचा धंदा बापाकडून मुलाकडे जातो, तसा गुन्हाही जातो, हा या कायद्यामागचा तर्क. म्हणजे लोंब्रोसोच्या आधी पाच वर्षे जन्मजात गुन्हेगार आपल्याकडे कायद्याने घडवला गेला होता. त्यासाठी कवट्या मोजायची गरज नव्हती. जात पुरेशी होती.

मुंबई इलाख्यात हे १९११च्या कायद्याने आले. इथल्या सेटलमेंटचा अधिकारी स्टार्ट. अस्पृश्य व आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी १९२८ साली नेमलेल्या समितीचा अध्यक्षही तोच, आणि तीत बाबासाहेब सदस्य होते. तो अहवाल आपण मानाने सांगतो. अध्यक्षाची आधीची नोकरी कुणी विचारत नाही. मीही विचारली नव्हती. शेजारच्या पालावर काय चालले आहे, हे आपणही फारसे पाहिले नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही. पोलीस मात्र पूर्वीच्याच पालावर जात राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. त्या निकालातही विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजण्याचा प्रश्न निघालाच.

१८७१चा कायदा अभ्यासक्रमात घ्यावा, असे मी एका बैठकीत सुचवले होते. हा इतिहासाचा विषय आहे, असे उत्तर मिळाले. मग मी लोंब्रोसो दुसऱ्या तासाला ढकलला.

तो मुलगा पुढे वकील झाला. पुष्कळ वर्षांनी कोर्टाच्या आवारात भेटला, तेव्हा मी त्या उत्तराची आठवण काढली.

‘‘तेव्हा मला पास व्हायला सात मार्क कमी पडले होते, सर,’’ एवढेच तो म्हणाला.