नाटकी दागिन्याची कुळकथा

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही ही झाडीपट्टी. धान घरात आले, मंडई-शंकरपट भरू लागले, की तिथे रात्र-रात्र नाटके रंगतात. नाटकाच्या पोशाखाला आपल्याकडे ‘ड्रेपरी’ म्हणतात. तिच्या पेटीत मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टे, हार असतात: वजनाला हलके, घरच्या दागिन्याहून मोठे आणि समोरून तेवढे देखणे. हे दागिने सोन्याची गरिबाघरची नक्कल म्हणून जन्मले, असा समज आहे. तो खरा नाही. ते दिव्याच्या गरजेतून जन्मले.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. यक्षगानाच्या त्या परंपरेत अलंकार हलक्या लाकडाचे असतात. वर सोनेरी बेगड, मध्ये आरशाचे तुकडे. रात्रभर नाचायचे तर डोक्यावर धातू पेलणार कसा? शिवाय मशाल-दिवट्यांच्या हलत्या उजेडात चोख सोन्याचा नाजूक सर पाचव्या रांगेच्या पुढे दिसतही नाही. बेगड मात्र ज्योत जरा हलली तरी लकाकते. काचेच्या खड्याखाली डांक, म्हणजे चकचकीत पत्र्याचा पापुद्रा, घातला की काचेतून शिरलेला उजेड मागे न जाता प्रेक्षकाकडे परत फिरतो. नाटकी दागिन्याची सगळी विद्या या उजेड परतवण्यात आहे.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. कालिदासाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेला तपोवनातले वृक्ष वस्त्रे आणि दागिने देतात. संगीत नाटकाच्या जन्मकथेतच नायिकेचा साजशृंगार आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पण आता दागिन्याला नवी अट आली: तो घालून गायचे होते. गळ्याला घट्ट बसणारी ठुशी किंवा चिंचपेटी जराही आवळली की तान अडखळणार, कंबरपट्टा काचला की दम तुटणार. त्यात नायिका म्हणजे पुरुष नट. न टोचलेल्या नाकात नथ चापानेच बसवायची.

1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी या साजाला प्रतिष्ठा दिली. वेशभूषेवर त्यांनी हात राखून खर्च कधी केला नाही, आणि त्यांची साडी नेसण्याची, केसांत गजरा माळण्याची तऱ्हा घरंदाज बायकांनी उचलली. रंगमंचाने घराकडून शिकायचे ही रीत इथे उलटली. 1911 च्या ‘मानापमान’मध्ये तर खाडिलकरांनी दागिन्यांनाच कामाला लावले: अलंकारांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर एकीकडे, गरीब पण शूर धैर्यधर दुसरीकडे, आणि श्रीमंती उतरवून वनमाला झालेली भामिनी मध्ये. 1919 च्या ‘एकच प्याला’त ठिगळांच्या लुगड्यातली सिंधू उभी राहिली, तेव्हा अंगावर दागिना नसणे हीसुद्धा वेशभूषाच ठरली.

युरोपच्या ऑपेराचा मार्गही वेगळा नव्हता. अठराव्या शतकात पॅरिसचा जवाहिऱ्या स्ट्रास याने शिसे मिसळलेल्या काचेला हिऱ्याचे तेज आणले. 1895 मध्ये ऑस्ट्रियात डॅनियल स्वारोव्स्कीने यंत्रावर काचेला पैलू पाडायला घेतले. विसाव्या शतकात मारिया कॅलास मिलानच्या मारांगोनी कारखान्याने घडवलेले काचखड्यांचे मुकुट-हार घालून गायली. जगातली थोर गायिका रंगमंचावर काच मिरवत होती, आणि त्यात तिला कमीपणा नव्हता.

विजेचा प्रखर झोत आला, मग सिनेमाचा कॅमेरा अगदी गळ्याजवळ गेला, आणि बेगडाच्या सुरकुत्या, सरसाचे डाग दिसू लागले. आज ड्रेपरीत यंत्रावर घडलेला, मुलामा दिलेला तयार माल सर्रास येतो. हाताने बेगड चिकटवून, डांक बसवून केलेले काम मागे पडते आहे. जुन्या नाटकमंडळ्यांच्या पेट्या ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांना विनंती: त्या मोडीत देऊ नका. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र काढा, तो कोणत्या नाटकात, कोणत्या भूमिकेत वापरला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि पेटी जवळच्या संग्रहालयाच्या हवाली करा.