वारा, वाट आणि रेडिओ

शिडाची होडी आणि इंजिनावर चालणारी मोठी यॉट यांची वाट एकमेकींना छेदत असेल, तर यॉटने बाजूला व्हायचे, हा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो. दुबळ्याला सांभाळून घ्यावे म्हणून तो केला असावा, असाही समज आढळतो. आम्ही नियमाचा इतिहास चाळला, तेव्हा कारण वेगळेच निघाले.

शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट तिला काढावी लागते. म्हणून ज्याला वारा अनुकूल आहे त्याने वाऱ्याशी झगडणाऱ्याला वाट द्यावी, अशी खलाशांची जुनी रीत होती. मग आगबोटी आल्या. त्यांना या रीतीत कोठे बसवायचे? १८४० मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने आगबोटींसाठी नियम केले, तेव्हा उत्तर साधे दिले: आगबोट म्हणजे सदैव अनुकूल वारा लाभलेले गलबत! जुनी रीतच तिला लागू झाली. आम्हांला ही युक्ती फार आवडते. नव्या यंत्रासाठी नवे तत्त्व शोधावेच लागते असे नाही.

१८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने हे नियम कायद्यात घेतले. १८६३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी विचारविनिमय करून केलेली नियमावली वर्षभरातच तीसहून अधिक देशांनी स्वीकारली. आज लागू असलेले आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, अंमल १९७७ पासून.

त्यांत शिडाच्या होडीला मोकळे रान मात्र नाही. मागून येऊन ओलांडणाऱ्याने बाजूला राहायचे, मग तो शिडावर असला तरी. अरुंद खाडीत खोल पाण्याबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला होडीने अडवायचे नाही. होडीने इंजिन सुरू करून त्यावर चालायला घेतले, की शीड वर असले तरी ती इंजिनाची बोट ठरते. शिवाय जिला वाट मिळते तिच्यावरही कर्तव्य आहे: दिशा आणि वेग बदलायचा नाही. समोरच्याला तिचा अंदाज बांधता आला, तरच तो चुकवणार ना?

रेडिओ या गोष्टीत बराच उशिरा शिरला. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' यांची टक्कर झाली आणि ५१ माणसे दगावली. दोघींनी एकमेकींना रडारवर पाहिले होते, पण एक डावीकडे वळली, दुसरी उजवीकडे, आणि दोघींत बोलणे झालेच नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात दोन तेलवाहू जहाजे आदळली. त्याच वर्षी अमेरिकेने सुकाणूघरापासून सुकाणूघरापर्यंत थेट बोलण्यासाठी रेडिओ सक्तीचा करणारा कायदा केला.

मग बोलूनच का ठरवू नये? येथे भौतिकशास्त्र आड येते. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यांचा पल्ला किलोमीटरमध्ये सुमारे ४.१(√अ + √ब), जेथे अ आणि ब ही दोन अँटेनांची मीटरमधील उंची. ४ आणि ३६ मीटर घेतले तर सुमारे ३३ किलोमीटर! एवढ्या टापूत जहाजे अनेक असू शकतात आणि १६ नंबरचा चॅनेल सर्वांचा. "माझ्या उजवीकडच्या जहाजा" अशी हाक मारली, तर उत्तर भलताच देऊ शकतो. त्यातून एफएमच्या ग्राहकयंत्रात दोन संदेश एकदम आले, तर जोरदार तोच ऐकू येतो. एआयएस यंत्रणेमुळे आता पडद्यावर जहाजाचे नाव दिसते, त्यामुळे ही अडचण कमी झाली आहे. पण यंत्र नसलेल्या होड्याही असतातच.

दुसरी अडचण वेळेची. २० नॉटने येणारे जहाज आणि समोरून ६ नॉटने येणारी होडी मिनिटाला सुमारे ८०० मीटरने जवळ येतात. नाव विचारून, भाषा जुळवून तीन मिनिटे बोलले, की २.४ किलोमीटर अंतर संपलेले असते.