प्रलयाची तारीख पंचांगात नसते

गेल्या वर्षावासात पौडजवळच्या एका वस्तीत ग्रंथवाचन संपल्यावर बारावीच्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. "ताई, हे खरं असेल का?" ओडिशातल्या अच्युतानंद दासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'भविष्य मालिके'चा तो व्हिडिओ होता. कलियुग संपले, आता जलप्रलय येणार आणि मोजके भक्तच वाचणार, असा दावा. त्याला हसून गप्प करणे सोपे होते. पण ज्याचे घर ओढ्याकाठी आहे त्याच्या पुराच्या भीतीत हसण्यासारखे काय आहे? त्याची भीती खरी आहे, तिला दिलेले उत्तर खोटे आहे. हा लेख त्या उत्तराबद्दल.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला 1962 ची अष्टग्रही आठवत असेल. त्या वर्षी 3 ते 5 फेब्रुवारीदरम्यान मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार, अशी हाकाटी देशभर झाली. ठिकठिकाणी यज्ञ पेटले, मणामणाने तूप जळाले, दक्षिणा वाटल्या गेल्या. पंतप्रधान नेहरूंनी या प्रकाराची जाहीर टर उडवली. पाच तारीख आली आणि गेली. जग जिथल्या तिथे राहिले.

आता ते आठ 'ग्रह' मोजून पाहू. सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाच खरे ग्रह. आठवा केतू. केतू ही वस्तूच नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो, तो एक गणिती बिंदू. त्याच अमावस्येला सूर्यग्रहण होते, आणि चंद्र अशा बिंदूजवळ असल्याशिवाय सूर्यग्रहण होतच नाही. म्हणजे आठवा ग्रह मोजून आला नाही, घुसवला गेला. आणि हे सगळे ग्रह एका बाजूला आले तरी त्यांची मिळून पृथ्वीवरची भरती-ओहोटीची ओढ एकट्या चंद्राच्या ओढीपुढे नगण्य असते. पुढे ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाले. आठ महिन्यांनंतरची घटना मागे ओढून फेब्रुवारीला चिकटवणे कोणालाही जमते. त्याला भविष्य म्हणत नाहीत.

पन्नास वर्षांनी तोच खेळ परदेशी कॅलेंडर घेऊन आला. 21 डिसेंबर 2012. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची दीर्घ कालगणना त्या दिवशी 13 बक्तुन पूर्ण करत होती. एक बक्तुन म्हणजे 1,44,000 दिवस, तेरा म्हणजे सुमारे 5,125 वर्षे. गाडीच्या मीटरवर सगळे नऊ संपून शून्ये आली म्हणून गाडी फुटत नाही. मायांच्या पालेंके इथल्या शिलालेखात तर इ.स. 4772 मधल्या दिवसाचा उल्लेख आहे. जग 2012 मध्ये संपणार असे त्यांना वाटत असते, तर त्यांनी पुढची तारीख कशाला कोरली असती?

मायांवर प्रलय खरोखर आला, पण तो कॅलेंडरातून आला नाही. तो स्पॅनिश जहाजांतून आला. 12 जुलै 1562 रोजी मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. आज मायांच्या फक्त चारच पोथ्या शिल्लक मानल्या जातात. ज्यांची पुस्तके जाळली, त्यांच्याच नावावर पुढे जगबुडीचे सिनेमे विकले गेले.

12 जुलै ही तारीख पुणे जिल्ह्यालाही ठाऊक आहे. 12 जुलै 1961 रोजी आपल्या शेजारचे पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. पाहा, तारीख जुळली! एखादा ज्योतिषी यावर ग्रंथ लिहील. पण 1562 ची तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे आणि 1961 ची ग्रेगोरियन. म्हणजे ती जुळलेलीही नाही. पानशेतचे कारण आकाशात नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अर्धवट असताना पाणी साठवण्याची घाई केली गेली. अष्टग्रहीच्या अवघे सात महिने आधी एवढे घडले, आणि तरीही लोक धरणाच्या कागदांऐवजी ग्रहांकडे पाहत बसले.

आणि मुळशी? आपल्या तालुक्यात जलप्रलय येऊन शंभर वर्षे झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळा संगमाजवळ धरण आणले. 1894 चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाताशी होताच. त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी. मुहूर्त शुभ होता. धरण झालेच. मावळ्यांची गावे पाण्याखाली गेली आणि पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात सावकार आणि कसणारा मावळा यांचे हितसंबंध कसे वेगळे होते हे दाखवले आहे. मोबदला कागदावर नाव असलेल्याला मिळतो. ज्याचे नावच कागदावर नाही, त्याला काय मिळणार? हा प्रलय कोणत्या पंचांगात होता? तो करारात होता, नकाशात होता, सहीत होता.

मग पोथ्यांमधल्या जगबुडीत नेमके काय बुडते? महाभारताच्या वनपर्वातले कलियुगाचे वर्णन वाचा. शूद्र धर्म सांगतील आणि ब्राह्मण त्यांची सेवा करतील, हे तिथे अनर्थाचे लक्षण आहे! मग ब्राह्मण कुळात जन्मलेला कल्की येऊन घडी पूर्ववत करणार. म्हणजे आपण शिकलो, बोललो, तर ती जगबुडी. बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये नेमका प्रश्न विचारला आहे, की कलियुग एवढे लांबवले का? मूळची 1,200 वर्षे 'देवांची वर्षे' ठरवून 360 ने गुणली, की 4,32,000 होतात. त्यांच्याच हिशेबाने कलियुग इ.स.पूर्व 3102 ला सुरू झाले, म्हणजे अजून 4,26,000 हून अधिक वर्षे शिल्लक आहेत. मग व्हिडिओतले कलियुग संपले कसे? पोथी हवी तेव्हा ताणायची, हवी तेव्हा आवळायची.

या भीतीची किंमत आपल्या समाजाने फार जवळून मोजली आहे. ग्रहण लागले की महार-मांगांनी 'दे दान, सुटे गिराण' ओरडत दारोदार फिरायचे, आणि गावाने आपली पीडा जुन्या कपड्यांसोबत त्यांच्या पदरात टाकायची. आकाशातली सावली गावकुसाबाहेर उतरवण्याची ही रीत. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या या लुटीचा हिशेब मांडला आहे.

तथागतांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वी ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे आणि ग्रहगती सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटले. नक्खत्त जातकात नक्षत्र वाईट म्हणून वरपक्ष थांबतो, तेवढ्यात वधूचे लग्न दुसऱ्याशी लागून जाते. मुहूर्ताची वाट पाहणाऱ्याचे काम मुहूर्तातच बुडते.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले, की तारीख विचारू नकोस, जबाबदार कोण ते विचार. आपल्याच जिल्ह्यात 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण या आदिवासी गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यातला कोणी ग्रह पाहून वाचला नसता. आपल्या वस्तीमागचा डोंगर कोणी तोडला, ओढ्यात भराव कोणी टाकला, त्याला परवानगी कोणाची? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो. त्यात आपली वस्ती आहे का? त्याच वर्षीचा माहिती अधिकार कायदा हातात आहे. अर्ज करा, ग्रामसभेत उभे राहा, उत्तर लेखी मागा.

प्रलय सांगणारा आपल्याला वर पाहायला लावतो. तेवढ्यात पायाखालची जमीन जाते. मुळशीने ते एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहायचे नसेल, तर मान खाली घालूनही चालणार नाही आणि आकाशाकडे लावूनही नाही. नजर समोर हवी.

जय भीम! नमो बुद्धाय!